फिल्मला दिसलेला उजेड

काका निवृत्त झाले, पण त्यांचा फिल्मचा नाद काही सुटला नाही. हवाई पाहणीच्या ऑफिसात त्यांनी जन्मभर जंगलांच्या इन्फ्रारेड रंगीत फिल्म धुतल्या. माणसाला न दिसणारा उजेड टिपणारी ही फिल्म. तिच्यात हिरवंगार झाड लालभडक येतं. आता ती कुठे मिळत नाही. शेवटचा रोल घरच्या फ्रीजरमध्ये मटाराशेजारी आरामात पहुडला होता. काकू म्हणायच्या, "एवढे लाड माझे माहेरीसुद्धा झाले नाहीत!"

इतकी जंगलं धुतली, पण काकूंचा एक धड फोटो घरात नव्हता. ही बोच काकांना फार होती. शेवटचा रोल तिच्यासाठीच, असं त्यांनी ठरवलं आणि काकूंना अंगणातल्या झाडाखाली उभं केलं.

"ओठ पिवळे येतील हं," त्यांनी बजावलं.

"येऊ देत. त्या निमित्ताने माझ्याकडे बघाल तरी!"

मग घरात संचारबंदी लागली. अडगळीच्या खोलीची फट न् फट बुजवली गेली, चमकत्या काट्यांचं घड्याळ हद्दपार झालं. मिट्ट काळोखात काकांनी चाचपडत फिल्म रिळावर चढवली, डब्याचं झाकण लावलं आणि एकामागून एक औषधं ओतली.

फिल्म बाहेर आली ती नुसती लाल. झाड लाल, अंगण लाल, काकू तर त्या लालीत पार बुडालेल्या. काकांनी फिल्म उजेडासमोर पुन्हा पुन्हा धरून पाहिली. साधा उजेड शिरला असता, तर फिल्म पांढरी पडली असती. लाल झाली म्हणजे न दिसणाराच उजेड शिरला होता. पण बंद खोलीत तो आणला कोणी?

फळीवर, डब्यांच्या आड, एक चिमुकला कॅमेरा सापडला. अंधारात बघणारा, म्हणजे स्वतःच तो उजेड फेकणारा.

"मीच बसवला, बाबा," लेक रडवेली झाली. "मागे तुम्ही इथेच अंधारात पडलात ना, म्हणून. त्याने फिल्म जाईल हे मला कुठे ठाऊक!"

लेकीने मोबाईल पुढे धरला. पडद्यावर करड्या रंगाचे काका फिल्म चढवत पुटपुटत होते, "नीट ये गं बाई. तुझ्यासारखं सुंदर मी दुसरं काही पाहिलं नाही, पण तुझ्यापुढे तोंडच उघडत नाही बघ."

दारात काकू उभ्या होत्या. काकांचे कान लाल झाले.

"गेला गं तुझा फोटो," ते कसेबसे म्हणाले.

"फोटोचं राहू द्या," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "आता दिवा लावा, आणि तेच पुन्हा म्हणा."