बुद्धी मुलीची, परीक्षा माझी

आमच्या घरी लहान मुलांना प्रश्न विचारायचा आणि उत्तर मोठ्यांनी द्यायचं, अशी पद्धत आहे. पाहुणे विचारतात, "नाव काय गं तुझं?" आणि मी ओरडतो, "पिहू!"

त्यामुळे पिहू शाळेतही गप्पच. बाई म्हणाल्या, "बुद्धीची चाचणी करून घ्या. कमी असली तर दुसरीतच ठेवू." आमगावहून मी, बायको आणि पिहू थेट गोंदियाला, मानसोपचाराच्या मॅडमकडे.

"चाचणी मुलीची एकटीची असते," मॅडम म्हणाल्या.

"एकटी भेते जी ते!" (भीत मीच होतो.) शेवटी तोंड न उघडण्याच्या अटीवर मला कोपऱ्यात खुर्ची मिळाली. बायको बाहेर बसली.

"पिहू, सायकल आणि बस, दोन्हींत सारखं काय?"

पिहूनं सवयीनं माझ्याकडे पाहिलं. माझ्यातला बाप जागा झाला. "दोन्ही ऐन टायमाले बिघडते!"

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "रस्त्यात कोणाची पिशवी सापडली तर काय करशील?"

"हात नाही लावाचा! पोलिसाची भानगड कायले पायजे?"

मग रंगीत ठोकळे निघाले. चित्रासारखी नक्षी जुळवायची होती. माझा हात आपोआप पुढे गेला आणि मी लाल ठोकळा ठेवला. पिहूनं तो मुकाट्यानं उचलला आणि बरोबर जागी ठेवला.

"तुम्ही बाहेर!" मॅडम कडाडल्या.

बाहेर बायको तयारच होती. "काऊन जी, नापास होऊन आले?"

तेवढ्यात आतून आवाज आला. पिहूचा! ती बोलत होती, हसत होती, मॅडमलाच काहीतरी समजावत होती. घरी इतकं बोलताना मी तिला कधी ऐकलंच नव्हतं. आम्ही दोघं दाराला कान लावून उभे होतो आणि माझे डोळे भरून आले.

बऱ्याच वेळानं मॅडमनी दार उघडलं. "मुलगी चांगली हुशार आहे. गप्प का राहते, विचारलं तर म्हणाली, 'बाबाच सांगून देतात ना!' शाळेला तसं कळवते."

जीव भांड्यात पडला. त्या आनंदात मी गंमत केली, "मॅडम, मोठ्यांची बी चाचणी होते का?"

"तुमची झाली की आज, पिहूच्याच प्रश्नांवर."

"मंग? निकाल काय लागला?"

"तो मी फक्त पालकांना सांगते. तुमच्या बाबांना घेऊन या."

माझे बाबा आमगावलाच असतात. त्यांना मी अजून काही सांगितलेलं नाही.