पहिल्या नंबरची गॅरंटी

फसल्याचे किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. एकाने आपला सांगितला की दुसऱ्याला धीर येतो आणि ‘माझं तर याच्याहून भारी झालं!’ म्हणत तो खुर्ची पुढे ओढतो. आमचे असेच साठले. आम्ही म्हणजे हिंगोलीतले तीन शेजारी दुकानदार. मी हळद शिजवायचे कुकर बनवतो, चांगले माणूस आत बसेल एवढे. डावीकडे करीमभाईंचं गाद्यांचं दुकान, उजवीकडे राठोडमामांचं बी-बियाण्याचं. दोन हजार सहा-सातच्या सुमाराला तिघांनी एकाच माणसाकडून वेबसाइट करून घेतली. त्याचं नाव राहू द्या. भर उन्हाळ्यात गळ्यात टाय असायचा, म्हणून आम्ही त्याला टायवाला म्हणायचो.

*

“इंटरनेटवर कुणीही शोधू द्या, तुम्ही पहिल्या नंबरवर! गॅरंटी!” असं तो म्हणाला होता. महिन्याभराने आला, माझ्या फोनची वायर त्याच्या लॅपटॉपला लावली आणि माझ्या दुकानाचं पूर्ण नाव गावासकट टाइप केलं. खरंच की! सगळ्यात वर आम्ही! करीमभाईंनी लगेच पेढे मागवले.

राठोडमामा मात्र चष्मा वर करून बघत राहिले. “दुसऱ्या नंबरला कोन हाय?”

“दुसरं कुणीच नाही, मामा!” टायवाला म्हणाला.

पेढा गोड होता. तरी काहीतरी चुकतंय असं वाटत होतं. काय, ते तिघांनाही सांगता येईना.

*

वेबसाइटच्या खाली एक आकडा असायचा. किती लोक येऊन बघून गेले, त्याचा. करीमभाई रोज दुपारी सायबर कॅफेत जाऊन तो बघून यायचे. एकदा तोंड पाडून परत आले.

“आज कुछ समज में नहीं आया. म्या एकदाच उघडलं, आकडा सातनं वाढला. पुन्हा उघडलं, पुन्हा सात! म्या तर एकटाच गेलतो ना?”

राठोडमामांनी गंभीरपणे विचार केला. “भाई, तुमाला बालबच्च्यासकट धरत असतील!”

*

मग गिऱ्हाइकांचे अभिप्राय आले. टायवाल्याने स्वतःच आणून टाकले, तेही थेट कॅनडातून! माझी छाती फुगली. हिंगोलीचा कुकर कॅनडात गेलाच कसा, हा प्रश्न नंतर पडला. माझा मेहुणा इंग्रजीचा मास्तर. त्याला म्हटलं, जरा वाचून दाखव.

त्याने वाचलं, थांबला, परत वाचलं. “दाजी, हा माणूस म्हणतोय, या कुकरवर झोपायला लागल्यापासून माझी पाठदुखी गेली.”

करीमभाईंच्या पानावर माझे अभिप्राय होते. त्यांच्या गादीत तासाभरात दहा क्विंटल हळद शिजत होती.

*

त्याच उन्हाळ्यात फोन सुरू झाले. कुठकुठले लोक विचारायचे, “दहावीचा निकाल लागला का हो?” एका बाईंनी तर पोरीचा सीट नंबरसुद्धा सांगितला. माझी बायको भली. पहिले दोन दिवस ती सगळ्यांना सांगत होती, “अजून न्हाई लागला. लागला की कळवते!”

शेवटी सायबर कॅफेवाल्याने माझ्या पानावर माउस ओढून दाखवला. पांढऱ्यावर पांढरी अक्षरं निघाली. दहावी निकाल, क्रिकेट स्कोअर, फुकट रिंगटोन, हिरॉइनींची नावं! कुकर एकदाच होता.

टायवाल्याला बोलावून विचारलं, “हे काहून केलं?”

“काका, याला ट्रॅफिक म्हणतात.”

“ट्रॅफिक तर दुकानासमोरच्या रोडवरबी हाय! गिऱ्हाईक कुठंय?”

तो गेला, तो परत आला नाही. फोनही उचलेना.

*

यापुढचं सांगताना मी हसत नाही. वेबसाइटचं नाव मी वडिलांच्या नावावरून ठेवलं होतं, लिंबाजी. दुकानही त्यांचंच. काही महिन्यांनी त्यांचं नाव टाकून बघितलं, तर पानावर केस उगवायच्या तेलाची जाहिरात!

मेहुण्याने चौकशी केली. टायवाल्याने ते नाव स्वतःच्या नावावर नोंदवलं होतं आणि नंतर कुणाला तरी विकून टाकलं होतं. आता ते आपलं नव्हतं. माझ्या बापाचं नाव, आणि माझं नव्हतं! हे असं कसं होऊ शकतं, हे मला आजही नीट कळलेलं नाही.

आईला मी काहीच सांगितलं नाही. पण एकटाच बसून डोळे पुसले. वडिलांना तर ऐन जवानीपासून टक्कल होतं.

*

त्यानंतर दुसरा एकजण आला. याला टाय नव्हता, पण बोलणं तेच. “शंभर टक्के पहिला नंबर!”

राठोडमामा उठले, दुकानातून सोयाबीनची पिशवी आणली आणि त्याच्या पुढ्यात ठेवली. “वाच. उगवण किती लिहिली?”

“सत्तर टक्के.”

“जमीन आपली, पानी आपलं, बी त्यांचं सोताचं, तरी कंपनी शंभर म्हनत न्हाई. तू कशाच्या जोरावर म्हनून राहिला? आन नाव कुनाच्या नावावर नोंदवनार, ते आधी कागदावर लिहून दे.”

तो “पेन गाडीत राहिला” म्हणून गेला.

*

वेबसाइट जाऊन वर्ष होत आलं होतं. एक दिवस सेनगावकडचे एक शेतकरी दुकानात आले, कुकर ठोकून बघितला आणि तिथंच ऑर्डर दिली.

“आमचा पत्ता कुठून मिळाला?” मी विचारलं.

“इंटरनेटवर पाहिलं ना!”

माझ्या हातातला मापाचा टेप खाली पडला. “कोन्त्या इंटरनेटवर?”

“सेनगावच्या! स्टँडसमोर न्हाई का? शटरवर तुमचं नाव लिहेल हाय की!”

मी आणि राठोडमामा दुसऱ्याच दिवशी जीपने सेनगावला गेलो. स्टँडसमोर ‘इंटरनेट’ अशी पाटी असलेला एक गाळा होता. शटर अर्धं ओढलेलं, आणि त्यावर निळ्या ऑइलपेंटने हातभर अक्षरं: लिंबाजी हळद कुकर, हिंगोली. खाली माझा फोन नंबर. एक आकडा इकडचा तिकडे नाही.

मी कधी लिहिलं नाही, कुणाला लिहायला सांगितलं नाही. मामांनीही गळ्याची शपथ घेतली. आत जाऊन मालकाला विचारलं, “दादा, हे कुनी लिहिलं?”

तो खुर्चीतून उठलाच.

“म्हंजे तुमी न्हाई लिहिलं? म्या तर वर्षभर घासून राहिलो, निघतच न्हाई!”