जावयाने आणलेली इलेक्ट्रिक सिगारेट

मंडळी, फार उशिरा लिहितोय, राग मानू नका. अमेरिकेत प्लेनोला लेकीकडे आल्यापासून जीव थाऱ्यावर नव्हता... आणि कॉम्प्युटरवर मराठी टाइप करायला माझ्यासारख्या सातवी शिकलेल्या माणसाला वेळही फार लागतो.

मागच्या आठवड्यात इथे एक प्रकार झाला. तो सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझी सिगारेट तुम्हाला माहीतच आहे. कराडला पिठाची गिरणी चालवायचो तेव्हापासूनची सवय. इथे नात झाली आणि लेकीने, अश्विनीने, नियम केला. सिगारेट ओढली की आधी आंघोळ, मग धुतलेले कपडे, मगच बाळाला हात लावायचा. एवढं सगळं उरकून मी येईपर्यंत बाळ झोपलेलं असायचं...

म्हणून जावयांनी, मंदाररावांनी, इंटरनेटवरून ही इलेक्ट्रिक सिगारेट मागवली. मागे बॅटरी, पुढे एक छोटी नळी. तिला ॲटमायझर म्हणतात. आत बारीक तारेचे वेढे आणि एक वात. वात औषधात भिजते, तार तापते, वाफ निघते. नुसतं बटण दाबून बघतानाच पहिली तार जळाली, तेव्हा मंदाररावांनी गॅरेजमध्ये बसून नळी उघडली आणि नवी तार स्वतः गुंडाळली. "बाबा, आता ही आपल्याला कितीही वेळा रिपेअर करता येईल. ट्राय करा आणि फीडबॅक द्या."

फीडबॅक म्हटल्यावर माझ्या मनात पाल चुकचुकली. म्हणजे प्रयोग माझ्यावर? मी म्हटलं, "आधी तुम्ही ओढून दाखवा." बिचाऱ्यांनी जन्मात सिगारेट ओढलेली नाही. एक झुरका घेतला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खोकले. माझा संशय आणखीच वाढला.

औषधाच्या बाटलीवर सफरचंदाचं चित्र आणि आत तंबाखूचा अर्क! एखाद्या पोराने सरबत समजून तोंडाला लावलं तर? मी बाटली फ्रिजच्या वर मागे सरकवून ठेवली. वाफ पांढऱ्या रुमालातून फुंकून बघितली. डाग पडला नाही. मग ही वाफ काय लपवतेय, हा नवा घोर...

गिरणीची मोटर जळायच्या आधी एक करपट वास यायचा. तसा वास येतोय का, म्हणून मी दिवसभर नळी हुंगत बसायचो. आमची ही म्हणायची, "ओढा नाहीतर टाका. आंब्याची पेटी घेतल्यासारखं काय हुंगताय!"

बुधवारी वात काळी पडली. मंदारराव ऑफिसला गेलेले. नळी कशी उघडायची ते मी बघितलं होतं. जुनी वात चिमट्याने काढली, पण नवी कुठून आणू? हिने देवासाठी इंडियातून आणलेल्या वातींचा डबा देवघरात होता. त्यातली एक हळूच उचलली.

बोटांना जरा ओशट लागली. पण घरचा कापूस, हिच्या हातची वात... तिच्यावर कसला संशय घ्यायचा!

मागच्या अंगणात जाऊन बटण दाबलं आणि काय सांगू, निरांजनाचा वास. मला वाटलं, आता यंत्र शुद्ध झालं. लांब झुरका घेतला. घशात तूपच तूप... खोकून खोकून खुर्चीवरून खाली यायची वेळ आली.

अश्विनी बाळाला पाळण्यात ठेवून धावत आली. मागून ही. नळीकडे बघून हिने कपाळाला हात लावला. "अहो, त्या तुपात भिजवलेल्या फुलवाती होत्या! देवाची वात ओढलीत? आता नैवेद्यालाही तंबाखू ठेवा!" आणि हसायला लागली.

अश्विनी मात्र हसली नाही. मला पाणी दिलं, पाठ चोळली. मग शेजारी बसून म्हणाली, "बाबा, त्या मशीनचं राहू दे. तुम्हाला सोडायची आहे का, ते सांगा ना."

मी बाटली तपासली, वाफ तपासली, जावईसुद्धा तपासले. हे मात्र कुणी विचारलं नव्हतं. हातातली नळी खाली ठेवली आणि म्हटलं, "आहे गं. पण माझा माझ्यावरच भरवसा नाही."

त्या दिवसापासून यंत्र मंदाररावांच्या गॅरेजमध्ये पडून आहे. माझी सिगारेटही बंद आहे. किती दिवस टिकेल, देव जाणे. सगळ्यात वाईट वेळ दुपारच्या चहानंतरची. हात आपोआप खिशाकडे जातो.

नेमकं त्याच वेळी अश्विनी बाळाला माझ्या मांडीवर ठेवते आणि "बाबा, आलेच हं" म्हणून आत जाते. लवकर येतच नाही. मुद्दाम करते, असा मला दाट संशय आहे... पण तिला मी विचारणार नाही.

काळजी पुढची आहे. पुढच्या महिन्यात आम्ही कराडला परत येणार. तिथे चहा असेल, कोपऱ्यावर पानपट्टी असेल आणि मांडी रिकामी असेल. तुमच्यापैकी कुणी सोडली असेल, तर ती चहानंतरची वेळ कशी काढलीत, ते कृपा करून लवकर लिहा. विमानात बसायच्या आधी मला कळायला हवं.