शुक्रवारचा शेवट

माझ्या नवऱ्याला एकाही सिनेमाचा शेवट पटायचा नाही. सहा वर्षांत एकही नाही. सुरुवात आवडायची, गाणी आवडायची, मारामारीत कोण कुठून उडी मारून आला ते तोंडपाठ असायचं, पण शेवटाचा विषय निघाला की मान हलवून म्हणायचे, "नाही पटला." मी शाळेत गणित शिकवते. एखादी मुलगी प्रत्येक उदाहरणाचं उत्तर चुकवत असेल, तर ती मुद्दाम चुकवतेय की तिची रीतच कुठे अडतेय, हे शोधल्याशिवाय मला चैन पडत नाही. यांच्या बाबतीतही माझं तेच झालं होतं.

आमचं गाव घोडेगावच्या अलीकडे, हमरस्त्यापासून दहा मिनिटांच्या चालीवर. नगरला एसटीने तास लागतो. हे तिथे एमआयडीसीत मोटारींच्या कारखान्यात फिटर, पाळी सात ते तीनची. मी गावातल्याच शाळेत पाचवीच्या वर्गावर. सासूबाई हिंडत्या-फिरत्या होत्या तोवर नवा सिनेमा लागला की आम्ही दोघं रविवारी जोडीनं जायचो. तेव्हा हेच गृहस्थ शेवटाला खुर्चीच्या कडेवर येऊन बसायचे, आणि दिवे लागल्यावर माझ्याकडे न बघता रुमाल काढायचे.

मग सासूबाईंची एक बाजू गेली. त्या अंथरुणाला खिळल्या आणि आमचं जोडीनं बाहेर पडणं थांबलं. दिवसा गल्लीतली एक बाई त्यांच्याजवळ बसायची, पण ती सहाला जायची आणि रविवारी यायचीच नाही. संध्याकाळी सातला सासूबाईंचं अंग पुसून, पाठीला पावडर लावून चादर बदलायची. त्या अंगानं भारी. यांना एकट्याला ते जमायचं, मला एकटीला नाही. एकानं कुशीवर धरायचं, दुसऱ्यानं जुनी चादर गुंडाळत नवी सरकवायची, असं आमचं दोघांचं काम होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं की पाठ ओली राहिली तर जखमा होतील. त्यामुळे सात म्हणजे सात. हे त्या वेळेला कधी चुकले नाहीत.

सिनेमा मात्र आम्ही सोडला नाही, फक्त वाटून घेतला. हे शुक्रवारी पाळी सुटल्यावर साडेतीनच्या खेळाला जायचे आणि मी रविवारी दुपारी बाराच्या. ही वाटणी यांनीच केली. मी एकदा म्हटलं होतं की एक रविवार तुमचा, एक माझा करू. त्यावर हे म्हणाले, "शिळा पिक्चर मी बघत नाही. पहिल्या दिवशी बघितला तर बघितला." हे मला जरा बढाईखोरपणाचं वाटलं, पण रविवार माझ्या पदरात पडत होता, म्हणून मी गप्प बसले.

घरात आमचा एक कायदा होता. शुक्रवारी यांनी मला मध्यंतरापर्यंतचीच गोष्ट सांगायची. पुढचं रविवारी, मी बघून आल्यावर, चहा घेऊन ओट्यावर बसलं की. तो रविवारचा तास मला फार प्यारा होता. बाकी आठवडाभर आमच्या बोलण्यात गोळ्या, चादरी, पाठीचा रंग आणि लाईट कधी जाणार एवढंच असायचं. त्या एका तासात आम्ही कडाकडा भांडायचो. यांची परीक्षा कारागिराची. जुन्या काळच्या घरात नव्या काळातला पंखा फिरताना दिसला की तो सिनेमा यांच्या मनातून उतरलाच. माझी परीक्षा बाईची आणि मास्तरणीची. सिनेमातली बाई दिवसभर काय काम करते ते मी बघते. ती नुसतीच खिडकीत उभी राहत असेल तर मला तिचं दुःख खरं वाटत नाही. आणि फळा दिसला की त्यावरचं गणित तपासते. बहुतेक वेळा ते चुकलेलं असतं.

पण भांडण शेवटावर आलं की रंगायचं. हे आधी मला विचारायचे, "तुला कसा वाटला?" मी भाबडेपणानं सगळं सांगायची, कोण मेलं, कोण परत आलं, कोणाच्या डोळ्यांत पाणी होतं. हे डोळे बारीक करून ऐकायचे. मग मान हालायची. तो परत यायला नको होता, म्हणायचे. किंवा, तिनं माफ करायला नको होतं. मी विचारायची, मग काय व्हायला हवं होतं? तर यांच्याकडे उत्तर तयार असायचं, आणि खरं सांगायचं तर ते पुष्कळदा सिनेमावाल्यांच्या शेवटापेक्षा बरं असायचं. ते मला कबूल करवायचं नाही, म्हणून मी आणखी जोरात भांडायची.

एकदा घरातच एक कोडं सापडलं. एका रविवारी सासूबाईंना भरवता भरवता मी नव्या सिनेमाची गोष्ट सांगत होते. दोन भाऊ, वाटणीवरून तोंड न बघणारे, आणि शेवटी धाकटा गाव सोडून कायमचा जातो. सासूबाईंनी घास थांबवला आणि म्हणाल्या, असं न्हाई. धाकटा माघारी येतो आणि दोघं मिळून विहिरीतला गाळ काढत्यात.

मी चमकले. सिनेमात विहीर होती, पण गाळ कोणी काढत नव्हतं. चौकशी केली तेव्हा कळलं की दर शुक्रवारी मी स्वयंपाकाला लागले की हे आईच्या उशाशी बसून तिला पुरी गोष्ट सांगत, अगदी शेवटासकट. मी ओट्यावर यांना पकडलं. हे जराही गडबडले नाहीत. म्हणाले, आईला रडवायचं कशाला, म्हणून बदलून सांगितला. पटण्यासारखं होतं. मी आत जाऊन सासूबाईंना म्हटलं की खरा शेवट मी सांगितला तोच. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "तुझं खरं आसंल. पर त्याचं बरं वाटतंय."

त्यानंतर मी त्या घरात शेवटांची दोन खाती उघडली, एक माझं आणि एक शुक्रवारचं. सासूबाईंना विचारून शुक्रवारचा शेवट आधीच काढून घ्यायची आणि मग रविवारी खरा काय निघतो ते बघायची. दोन्ही एकदाही जुळले नाहीत. शुक्रवारी कोणी मरत नसे. बोट बुडत नसे, घर विकलं जात नसे, आणि रुसलेली माणसं हटकून काहीतरी काम मिळून करत. मला वाटलं, वयाबरोबर माणूस हळवा होतो, आणि हळवेपणा लपवायला बाहेर "नाही पटला" म्हणून तोरा मिरवतो. मी माझ्या शोधावर खूश होते.

गेल्या वर्षी सासूबाई गेल्या. पाठीला एकही जखम न होता गेल्या. डॉक्टरांनी तेवढं आवर्जून सांगितलं, आणि त्या दिवशी यांच्या तोंडून निघालेलं तेवढंच एक वाक्य मला आठवतं, की पाठ स्वच्छ होती.

मग घर एकदम रिकामं झालं. संध्याकाळी सातला आम्ही दोघं उगाच त्या खोलीच्या दारापर्यंत जायचो आणि परत फिरायचो. सिनेमाला कोणीच गेलं नाही, त्यामुळे रविवारचं भांडणही बंद पडलं. जेवताना मीठ लागलं का, एवढं विचारून झालं की बोलायला काही उरायचं नाही. मला मनापासून भीती वाटायला लागली. इतकी वर्षं आपल्याला वाटत होतं की वेळ मिळत नाही म्हणून बोलणं होत नाही. आता वेळच वेळ होता, आणि आम्ही दोघं ओट्यावर मुकाट बसून रस्त्यावरचे टेम्पो मोजत होतो. आपण एकमेकांशी कधी बोलतच नव्हतो, नुसते सिनेमाबद्दल बोलत होतो की काय, असा किडा माझ्या डोक्यात शिरला.

शेवटी मीच मोबाईलवर दोन तिकिटं काढली. रविवारची, बाराची, शेजारशेजारची. हे नको म्हणाले नाहीत. एसटीत खिडकीकडची जागा मला दिली. मी पर्समध्ये भाजलेले शेंगदाणे घेतले होते. जाताना मनात एकच होतं, की येताना भांडलो तर आपलं बरं आहे, आणि गप्प आलो तर काही खरं नाही.

सिनेमा एका बँडवाल्याच्या घरातला होता. बापानं क्लॅरिनेट सोडलंय आणि मुलीला ते वाजवायचंय. चांगला होता. बापाच्या बायकोला भरपूर कामं होती, त्यामुळे ती मला खरी वाटली. मध्यंतरात हे लाऊडस्पीकरच्या कर्ण्याच्या वायरीबद्दल काहीतरी पुटपुटले. मला जरा धीर आला.

मध्यंतरानंतर गोष्ट तापली. मुलगी वरातीत उभी आहे, बाप गर्दीत मागे आहे, आणि तेवढ्यात यांनी पायाशी ठेवलेली पिशवी उचलून काखेत मारली आणि उठून उभे राहिले. मला वाटलं, लघवीला चालले असतील. पण हे पडद्याकडे तोंड करूनच सरकत होते, सवय झालेल्या माणसासारखे, कोणाच्या पायाला न लागता. दोन खुर्च्या गेल्यावर थबकले. तसेच उभे राहिले. मागून कोणीतरी खाली बसा म्हणालं. मग हे परत आले आणि पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले.

मी मोबाईलवर वेळ पाहिली. खेळ सुरू होऊन दोन तास झाले होते.

पाचवीच्या पुस्तकात असं उदाहरण असतं. खेळ साडेतीनला सुरू झाला. माणूस सातला पाच मिनिटं कमी असताना घरात हजर आहे. एसटीला एक तास लागतो, स्टँडपर्यंत आणि फाट्यापासून घरापर्यंत चालावं लागतं. तर तो माणूस थिएटरातून किती वाजता निघाला? माझ्या वर्गातल्या कोणत्याही मुलीनं हे तोंडी सोडवलं असतं. मी सहा वर्षं सोडवलं नव्हतं. मला कधी शंकाच आली नाही, कारण सात वाजता मला माणूस हवा होता आणि तो समोर असायचा.

मी यांच्याकडे बघत राहिले. पडद्याचा उजेड यांच्या तोंडावर हलत होता. क्लॅरिनेट वाजलं, लोक हसले, मग एकदम शांत झाले. हे खुर्चीच्या कडेवर आले होते, तोंड थोडं उघडं. दिवे लागले तेव्हा माझ्याकडे न बघता यांनी रुमाल काढला.

नगरच्या तारकपूर स्टँडवर चहा घेताना मी विचारलं, "शुक्रवारी किती वाजता निघायचात?"

यांनी कप फिरवला. पावणेसहाची गाडी असते, म्हणाले. तिच्यानंतरची एकदम सातला.

"म्हणजे एकही शेवट पाहिला नाही?"

"एक पाहिला. तो पिक्चर छोटा होता."

मला हसू आलं. मी म्हटलं, नंतर मोबाईलवर येतात की सगळे, तिथे बघायचे. तर म्हणाले, तोपर्यंत आईला सांगितलेला शेवटच खरा वाटायला लागायचा, मग दुसरा कशाला बघायचा. मी विचारलं, मला का सांगितलं नाहीत? हे समोरच्या गाड्यांच्या पाट्या वाचत होते.

"सांगितलं असतं तर तू रविवार सोडला असतास," म्हणाले.

मी सोडला असता. एकाआड एक तरी नक्की सोडला असता. मला राग आला होता, तो यांचा की माझा, ते अजून ठरलेलं नाही. इतक्या सहज मला फसवता येतं याचा तर होताच.

गाडी लागली. हे खिडकीशी बसले. या वेळी मीच बसवलं. एमआयडीसी मागे पडेपर्यंत दोघंही गप्प होतो. मग यांनी पिशवी खाली ठेवली, माझ्याकडे वळले आणि नेहमीसारखं विचारलं, "शेवट तुला कसा वाटला?"

शेवटाची पंधरा मिनिटं मी पडद्याकडे पाहिलंच नव्हतं. बापानं क्लॅरिनेट हातात घेतलं की नाही, हे मला माहीत नव्हतं.

"नाही पटला," मी म्हटलं.

हे ताडकन सरळ बसले. का नाही पटला, म्हणाले, अगं त्यानं ते ओठाला लावलं तेव्हा तू बघितलंस का तिच्याकडे, आणि गाडी घोडेगावच्या दिशेनं धावत असताना मला अगदी बारीकसारीक तपशिलानं सगळा शेवट समजावून सांगायला लागले. मी फाटा येईपर्यंत नाही म्हणत राहिले.