एलियुदचे हात

माझा भाऊ एलियुद दारुडा नव्हता, कामचुकार तर मुळीच नव्हता. माराकाइबो सरोवराच्या काठावर उभी राहून मी हे घसा फाटेपर्यंत ओरडले, पण ऐकतो कोण!

आमच्या आईला ते दुखणं होतं, तिच्या आईलाही. हातपाय आपोआप नाचायला लागतात, माणूस वाळत जातो आणि मरतो. म्हणून आमच्या गावात अशा घरचं पोर तिशीला आलं की लोक आधी त्याचे हात बघतात. एलियुदचे हात अगदी स्थिर. "सुटलास लेका!" म्हणत सगळ्यांनी त्याला रम पाजली. हातांआधी डोकंही जाऊ शकतं, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

हळूहळू त्याला साध्या कामाचाही क्रम जुळेना. आधी काय, मग काय, सगळा गोंधळ. टोकलं की भडकायचा. एकदा उकळत्या तेलाची कढई बायकोवर फेकली. ती भाजलेला खांदा घेऊन माहेरी गेली.

मग एक दिवस त्याने होडीचं इंजिन चालू असतानाच जाळं सोडलं. पंख्यात अडकून जाळ्याच्या चिंध्या झाल्या. त्याचा लहानपणापासूनचा जोडीदार नेरियो खेकसला, "अरे बैला, डोकं घरी ठेवून आलास काय?" एलियुदने वल्हं उचललं आणि नेरियोचा जबडा फोडला.

होडी काठाला लागताच नेरियोचे भाऊ धावून आले. आमच्याकडे दुखणेकऱ्यावर कुणी हात उगारत नाही, त्याने काहीही केलेलं असो. मी मध्ये पडले. "मारू नका रे! त्याला आईचं दुखणं लागलंय!"

"हात दाखव रे," थोरला म्हणाला.

थरथर मेल्या, एकदा तरी थरथर, मी मनात म्हणत होते. एलियुदने शहाण्या पोरासारखे दोन्ही हात पुढे केले. एक बोट हललं नाही.

मग त्यांनी त्याला वल्ह्यांनी बडवला, लाथांनी तुडवला. बरगडी मोडल्याचा आवाज मी ऐकला. मला केस धरून ओढणाऱ्याच्या मनगटाचा मी लचका तोडला, आणि त्याचं मला अजूनही बरं वाटतं.

घरी मी एलियुदचं रक्त पुसत होते. तेवढ्यात दारावरून नेरियोला नेत होते, तोंडाला रक्ताने भिजलेलं फडकं बांधून. एलियुदने ते पाहिलं आणि भिंतीला धरून उठला. मासे कापायचा सुरा त्याने हातात घेतला होता.

"ताई, नेरियोला कुणी मारलं गं? नाव सांग फक्त. जिवंत सोडत नाही त्याला."