ऐकू नका, जेवा

छप्पन सालच्या वैशाखात, वाशीमच्या एका लग्नात, दुसऱ्या पंगतीला, पानात मीठ-लिंबू वाढून झाल्यावर आणि भात पडायच्या आधी, एका क्लॅरनेटवाल्याला भरल्या पंगतीतून उठवण्यात आलं. त्याला कोणी शिवी दिली नाही. कोणी त्याचा हात धरला नाही. त्याची स्तुती करून त्याला उठवलं.

त्याचं नाव मी छापत नाही. ‘नाव टाकू नका भाऊ, सुपाऱ्या तुटतीन,’ असं त्यानं मला बजावलं होतं. त्याची जातही सांगत नाही. ती तुम्हाला माहीत आहे, कारण मांडवाबाहेर चपलांच्या ढिगाजवळ त्याला पत्रावळ देणारे आपणच होतो.

मी छापखान्यात खिळे जुळवतो. दिवसा लग्नपत्रिका, उरल्या वेळात शिवाशिवीविरुद्धची आमची पत्रकं. चैत्र लागला की तो छापखान्याच्या दारात येऊन उकिडवा बसायचा. त्याला वाचता येत नसे. ओल्या पत्रिका दोरीवर वाळत घातलेल्या असायच्या, त्यांच्याकडे बोट करून विचारायचा, ‘हे कोनाचं? कोन्या गावचं? तीथ कोनती?’ मी वाचून दाखवायचो, तो मनात ठेवायचा. एकही तीथ तो कधी विसरला नाही.

मी त्याला मामा म्हणायचो. तो मला पत्रकभाऊ म्हणायचा, आणि त्यात थट्टाच जास्त असायची.

एकदा मी त्याला आमचं एक पत्रक मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यानं डोळे मिटून सगळं ऐकलं. मग म्हणाला, ‘चांगलं हाये. पन हे वरातीचं वाजनं झालं. पंगतीचं नाई.’

‘म्हणजे?’

‘वरातीत लोकायनं घराभाईर येऊन पाहाव म्हून वाजवा लागते. पंगतीत कोनी मान वर करून पाह्यलं, की समजायचं आपलं चुकलं.’

हा त्याच्या धंद्याचा कायदा होता. वरातीत त्याच्या बँडमधला कोणीही त्याच्याइतकं वाजवू शकत होता. पंगतीला मात्र तो एकटाच. कनातीच्या मागे, आचाऱ्याच्या चुलीच्या अलीकडे, पोत्यावर बसून तो इतकं हळू वाजवायचा की सूर कुठून येतो ते कळत नसे. माणसं सावकाश जेवायची, शेजाऱ्याला आग्रह करायची, म्हातारे पाय पसरून बसायचे. एखादा हौशी गडी कनात उचलून ‘वाहवा’ म्हणाला की हा क्लॅरनेटची पत्ती ओठातून काढून म्हणायचा, ‘आयकू नका, जेवा.’

आचाऱ्याशी त्याचं संधान होतं. बुंदी मागे पडली की आचारी झारा उलटा धरून दाखवायचा, आणि हा चाल लांबवायचा. लोकांचे हात आपोआप मंद व्हायचे. पंक्ती खोळंबल्या असल्या तर झारा दोनदा वाजायचा, चाल थोडी चढायची, आणि ताक पिऊन माणसं उठायची. आपल्याला कोणी उठवलं याचा कोणाला पत्ता नसे. तुम्हीही असेच उठला आहात, मीही.

मेडशीच्या एका लग्नात दोन व्याही भर पंगतीत भांडायला लागले. कारण काय, तर वरण आधी कोणाच्या पानात पडलं. आवाज चढले. ह्यानं वाजवणं आणखी हळू केलं, अगदी कानाशी कुजबुजल्यासारखं. भांडणारेही हळू बोलू लागले, आणि हळू बोलून भांडण काही टिकत नाही. नंतर मी विचारलं तर म्हणाला, ‘आपन मोठ्यानं वाजवलं का मानूस त्याच्यावून मोठ्यानं वरडते. काहून वाढवा?’

मला हे पटलं नव्हतं. मी म्हणालो, ‘मामा, सगळं तुम्ही गोड करून टाकता, म्हणून कोणाला काही बोचत नाही.’

तो हसला. मग दोरीवरच्या पत्रिकांकडे पाहत म्हणाला, ‘एक गोष्ट सांगू पत्रकभाऊ? वीस वर्सं झाली वाजवून राह्यलो. पन पंगतीत बसून जेवतानी वाजा कसा लागते, थे मले ठाव नाई.’

एवढंच. मी पेटलो. शिवाशिव बंद करणारा सरकारी कायदा झाला होता, त्यावर आम्ही पत्रक काढलं होतं, आणि वाशीमची बडी मंडळी ते वाचून हो-हो म्हणाली होती. त्यांच्यापैकीच एकाच्या घरचं लग्न होतं. मी सगळं ठरवलं. दुसऱ्या पंगतीला मामाचा जोडीदार कनातीमागे पेटी वाजवील, आणि मामा माझ्या शेजारी बसेल. मामा नको-नको म्हणत होता. ‘लगनघर हाये, कायले इघन आनता?’ मी ऐकलं नाही. शेवटी तो धुतलेलं धोतर नेसून आला. नखं कापलेली होती. पाटावर बसला तो असा अंग चोरून, की जणू पाट दुसऱ्याचा आहे.

पेटी सुरू झाली. मामानं मान किंचित कलती केली. ‘जरा घाई करून राह्यला,’ असं माझ्या कानात म्हणाला, आणि पानातल्या मिठाकडे बघून लाजल्यासारखा हसला. तो चेहरा मला जन्मभर पुरेल.

समोरच्या ओळीत कुजबूज झाली. दोघे पानावरून हात मागे घेऊन बसले. यजमानांनी ते पाहिलं. ते आले आणि हात जोडून मामासमोर उभे राहिले. सकाळी ज्याला ‘ए बाजेवाल्या’ म्हणत होते, त्याला म्हणाले, ‘उस्ताद, तुमी इथं बसले तं कसं होईन? पाव्हने मंतात, पेटीनं घास उतरत नाई. तुमचा वाजा पाह्यजे. चला, माहा मान ठेवा.’

‘जेवून वाजवतीन ते,’ मी म्हणालो.

‘अरे बाबू, त्यायचा मानच करून राह्यलो मी,’ यजमान माझ्याकडे न बघता म्हणाले. सगळी पंगत ‘हो उस्ताद, हो उस्ताद’ म्हणाली.

मामानं पानाला नमस्कार केला आणि उठला.

आता माझा गुन्हा लिहितो. उठून ओरडायचं, पानावर पाणी सोडायचं, हे मी मनात जुळवत होतो. तेवढ्यात कनातीमागून क्लॅरनेट सुरू झालं. त्या दिवशी ते जसं वाजलं तसं कधीच वाजलं नसेल. माझी मूठ सैल झाली. पानात भात पडला, वरण पडलं, आणि मी जेवलो. शेजारचं पान तसंच वाढलेलं होतं. वाढप्यानं ते हळूच उचलून नेलं, तेव्हा मी बुंदी खात होतो.

चार दिवसांनी मी माफी मागायला त्याच्या घरी गेलो. त्यानं मला बोलूच दिलं नाही. मामीनं भाकर, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि पातळ बेसन वाढलं. तोही समोर बसला.

‘तुम्ही का वाजवलंत इतकं चांगलं?’ मी चिडूनच विचारलं.

‘तं खराब वाजवू काय? जेवनाऱ्याचा काय गुन्हा?’ मग भाकरीचा तुकडा मोडत म्हणाला, ‘आन् खरं सांगू? वाजवनाऱ्याले जेवता येतच नाई. तोंड एकच हाये न बावा.’ मामी हसली. मला हसू आलं नाही. ते बघून त्यानं माझ्या पानात आणखी बेसन वाढलं आणि म्हणाला, ‘तुमाले तं भूक लागली व्हती त्या दिवशी. मले कनातीतून दिसत व्हतं.’ त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

पुढच्या हिवाळ्यात त्याच्या छातीत कफ धरला. पाडव्याआधीच तो गेला. त्या चैत्रात मी पत्रिका दोरीवर वाळत घातल्या, आणि तिथी विचारायला कोणी आलं नाही. आता काही लग्नांत बॅटरीवरचा भोंगा लावून तबकडी वाजवतात. तबकडी आचाऱ्याचा झारा पाहत नाही. लोक भराभरा जेवतात. पण आमच्या वाशीमकडल्या शिरपूरला, मालेगावला, खेड्याखेड्यांत अजूनही कनातीमागे पोत्यावर कोणीतरी बसून वाजवतो आहे.

म्हणून तुम्हाला सांगतो. हळहळ नको. या वैशाखात ज्या पंगतीला बसाल, तिथे पहिला घास उचलण्याआधी कनात बाजूला करा आणि त्या माणसाला बाहेर बोलवा. त्याचं पान तुमच्या पानाला लागून मांडून घ्या. तो जेवेपर्यंत मांडव मुका राहू द्या. आणि यजमान गोड बोलत, हात जोडत त्याला उठवायला आला, तर त्याच्याआधी तुम्ही उठा.