लंडनला पोचायला किती तास?

हसायचं नाही, एवढं आधी कबूल करा. मगच सांगतो.

माझी धाकटी मेहुणी सुनंदा, हातकणंगल्याची. तिची स्नेहल शिकायला लंडनला निघाली. साडू पोरीला सोडायला मुंबईला गेले आणि सुनंदा जिवाला घोर लागला म्हणून आमच्याकडे कोल्हापुरात येऊन बसली. आमच्याकडेच का? तर सगळ्या नात्यात विमानात बसलेला माणूस मी एकटा! पंपाच्या कंपनीनं एकदा दुबईला नेलं होतं. तेव्हापासून विमानाचा विषय निघाला की सगळे माझ्याकडे बघतात. मीही बघू देतो.

रविवारी सकाळी सुनंदानं विचारलं, "दाजी, किती वेळ लागतोय वो तिथवर?"

मी मोबाइलवर बघून ऐटीत सांगितलं, सात हजार किलोमीटर, नऊ-दहा तास. विमान रात्री एकला उडालंय, म्हणजे अकरापर्यंत फोन आलाच समज. पोरगी उतरल्याशिवाय घास घेणार नाही, असं ती म्हणाली. म्हटलं, नको घेऊस, सगळे मिळूनच जेवू.

अकरा वाजले. बारा वाजले. फोन नाही. पोरीचा मोबाइल बंद. साडू परतीच्या बसमध्ये, त्यांचाही बंद. बायकोनं मटणाचा रस्सा दोनदा गरम केला, पण पाहुणी उपाशी असताना जेवणार कसं? सुनंदा नुसती माझ्या तोंडाकडे बघत होती. ते बघणं फार वाईट हो!

माझा शाळेतला दोस्त संभा तिकडे लंडनात असतो. त्याला झोपेतून उठवून, पोरीचा फोटो पाठवून विमानतळावर पिटाळलं. दोन तासांनी त्याचा फोन आला. मुंबईची माणसं कधीच बाहेर पडली, पोरगी कुठंच दिसत नाही. पुढच्या विमानानं येतीय का बघतो, म्हणून तो तिथंच थांबला.

हे मी सुनंदाला सांगायला नको होतं. तिनं रडायलाच सुरुवात केली. शेजारणी जमल्या. कुणीतरी टीव्हीवर बातम्या लावल्या. मी गॅलरीत जाऊन पुन्हा पुन्हा पोरीचा नंबर फिरवत राहिलो.

संध्याकाळी पाचला सुनंदाचा फोन वाजला. पडद्यावर स्नेहल, झोपाळलेली, हसत.

"आई, टोरांटोला उतरले गं. आता लंडनला बसनं दोन-तीन तास."

"टोरांटो?" मी मधेच घुसलो. "विमान कॅनडाला कशाला नेलं?"

सुनंदानं पदरानं डोळे पुसले. "कॅनडालाच गेलीया की ती, दाजी. तिथल्या लंडनला. तुम्हाला म्हाईत न्हवतं व्हय?"

तिला देश ठाऊक होता, अंतर नाही. मला अंतर ठाऊक होतं, देश नाही!

बायकोनं रस्सा तिसऱ्यांदा गरम केला. पहिला घास तोंडात घातला आणि मला एकदम संभा आठवला. तसाच उठलो, फोन लावला आणि म्हटलं, जा बाबा घरी, पोरगी सापडली.

"कुठं हाय?"

"लंडनला निघालीय."

"मग घरी कशाला जाऊ? थांबतो की," संभा म्हणाला. "कुठल्या दारानं येणार, तेवढं सांग."